संध्येतील चोवीस नावांचे अर्थ कसे समजून घ्यावेत

घरात गणपती बसतो, सत्यनारायण घातला जातो किंवा वास्तुशांत असते, तेव्हा गुरुजी यजमानाला पाटावर बसवून पहिली सूचना देतात ती आचमनाची. पळीने पंचपात्रातले पाणी उजव्या तळहातावर घ्यायचे, केशवाय नमः, नारायणाय नमः, माधवाय नमः या तीन नावांनी ते तीनदा प्राशन करायचे आणि गोविंदाय नमः म्हणून चौथ्यांदा हातावरून ताम्हनात सोडायचे, एवढे बहुतेकांना सवयीने जमते. पुढची वीस नावे गुरुजी एका दमात म्हणून मोकळे होतात आणि यजमान हात जोडून ऐकत राहतो. ज्यांची मुंज झाली आहे आणि संध्या शिकवली गेली आहे, त्यांनाही ही चोवीस नावे तोंडपाठ असतात, पण मधल्याच एखाद्या नावाचा, उदाहरणार्थ अधोक्षज या नावाचा, अर्थ विचारला तर पंचाईत होते.

देवाच्या नावांचे अर्थ शिकण्याची इच्छा असलेल्या नवख्या माणसाने हजार नावांच्या मागे न लागता या चोवीस नावांपासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ही नावे कानावरून गेलेली असतात, संख्या आटोक्यात राहते आणि नामार्थ सांगण्याचे जेवढे मार्ग आपल्या परंपरेत आहेत, तेवढे सगळे यांच्यात पाहायला मिळतात. सोबत एक वही, गीतेची साधी प्रत, मराठी अर्थासह विष्णुसहस्रनाम आणि एखादा संस्कृत–मराठी शब्दकोश असावा. संस्कृत चांगले यायला हवे असे नाही. शाळेत शिकलेल्या विभक्ती अंधुकशा आठवत असल्या तरी काम भागते.

पहिली पायरी: नावे मूळ रूपात लिहून काढा

आचमनात नावे चतुर्थी विभक्तीत येतात, कारण ‘नमः’ या शब्दाबरोबर चतुर्थी लागते. त्यामुळे केशवाय म्हणजे केशवाला, पद्मनाभाय म्हणजे पद्मनाभाला, हे सहज ओळखू येते. अडचण येते ती ‘विष्णवे’ आणि ‘हरये’ या दोन रूपांशी, कारण ती अनुक्रमे विष्णु आणि हरि या उकारान्त व इकारान्त शब्दांची आहेत. मूळ रूपांची यादी अशी होते: केशव, नारायण, माधव, गोविंद, विष्णु, मधुसूदन, त्रिविक्रम, वामन, श्रीधर, हृषीकेश, पद्मनाभ, दामोदर, संकर्षण, वासुदेव, प्रद्युम्न, अनिरुद्ध, पुरुषोत्तम, अधोक्षज, नारसिंह, अच्युत, जनार्दन, उपेंद्र, हरि, श्रीकृष्ण. वहीत प्रत्येक नावाला निदान अर्धे पान द्यावे, कारण एका नावाला एकच अर्थ असतो ही समजूत पहिल्या दोन-तीन नावांतच मोडणार आहे.

लिहिताना शुद्धलेखनाकडे लक्ष असावे. आपल्याकडे ‘हृषीकेश’ हे मुलाचे नाव सर्रास ‘ऋषिकेश’ असे लिहिले जाते आणि मग ऋषींचे केस असा काहीतरी अर्थ काढला जातो. मूळ शब्दात हृषीक म्हणजे इंद्रिय आणि ईश म्हणजे स्वामी असे दोन भाग आहेत. इंद्रियांचा स्वामी तो हृषीकेश. एका अक्षराच्या फरकाने अर्थाची वाट पूर्ण चुकते, म्हणून सुरुवातीलाच छापील प्रतीशी नावे ताडून पाहावीत.

दुसरी पायरी: यादीचे गट पाडा

चोवीस नावांचा क्रम आंधळेपणाने लावलेला नाही. पहिली बारा नावे बारा महिन्यांची आहेत. मार्गशीर्षाचा केशव, पौषाचा नारायण, माघाचा माधव, फाल्गुनाचा गोविंद, चैत्राचा विष्णु, वैशाखाचा मधुसूदन, ज्येष्ठाचा त्रिविक्रम, आषाढाचा वामन, श्रावणाचा श्रीधर, भाद्रपदाचा हृषीकेश, आश्विनाचा पद्मनाभ आणि कार्तिकाचा दामोदर. मोजणी मार्गशीर्षापासून का, याचे उत्तर गीतेच्या दहाव्या अध्यायात ‘मासानां मार्गशीर्षोऽहम्’ या शब्दांत आहे. तुळशीच्या लग्नात वृंदावनावर ‘राधा-दामोदर प्रसन्न’ असे लिहिण्याची आपल्याकडे पद्धत आहे. तिथे कृष्णाच्या इतक्या नावांतून नेमके दामोदर हेच नाव का येते, हे ही बारा नावे महिन्यांशी जोडली की ध्यानात येते, कारण ते लग्न कार्तिकात लागते आणि कार्तिकाचा स्वामी दामोदर आहे. अधिक महिना बारा महिन्यांच्या बाहेरचा, म्हणून त्याला पुरुषोत्तम मास म्हणतात. पुरुषोत्तम हे नाव या बारांत नाही, यादीत पुढे आहे.

पुढची चार नावे, संकर्षण, वासुदेव, प्रद्युम्न आणि अनिरुद्ध, हा पांचरात्र या जुन्या वैष्णव उपासनापरंपरेतला चतुर्व्यूह, म्हणजे चार रूपांचा समूह, आहे. वरवर पाहिले तर हे एकाच घरातले चौघे आहेत: थोरला भाऊ बलराम, त्याचा धाकटा भाऊ कृष्ण, कृष्ण-रुक्मिणीचा मुलगा प्रद्युम्न आणि नातू अनिरुद्ध. पांचरात्राने या चौघांकडे एकाच परमेश्वराची चार रूपे म्हणून पाहिले. ही उपासना किती जुनी आहे याचा पुरावा आपल्याच दारात आहे. जुन्नरजवळच्या नाणेघाटातल्या सातवाहन राणीच्या शिलालेखाच्या आरंभी इतर देवतांबरोबर संकर्षण आणि वासुदेव या जोडीला वंदन केलेले आहे, आणि तो लेख इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराचा मानला जातो. मध्य प्रदेशात विदिशेजवळ बेसनगर येथे हेलिओडोरस या ग्रीक राजदूताने उभारलेल्या गरुडस्तंभावर ‘देवदेव वासुदेव’ असा उल्लेख आहे, तोही इसवी सनापूर्वीचाच. नाणेघाटात आणि संध्येत, दोन्हीकडे संकर्षण आधी आणि वासुदेव नंतर येतो, हे मला लक्षणीय वाटते. पांचरात्राच्या तात्त्विक मांडणीत मात्र वासुदेव पहिला असतो.

उरलेली आठ नावे मिश्र आहेत. त्यांत नारसिंह आणि श्रीकृष्ण ही अवतारनावे आहेत, अच्युत आणि अधोक्षज ही स्वरूप सांगणारी आहेत, तर उपेंद्र हे नात्याचे नाव आहे: अदितीच्या पोटी इंद्रानंतर जन्मलेला, इंद्राचा धाकटा भाऊ. त्यांचा वेगळा गट पाडण्याच्या खटपटीत पडू नये.

तिसरी पायरी: आधी कथा, नंतर धातू

नवशिके बहुधा उलट्या क्रमाने जातात. शब्दकोश उघडून आधी व्युत्पत्ती शोधतात, दोन-तीन धातू सापडले की गोंधळतात आणि वही मिटतात. ज्या नावामागे कथा आहे तिथे आधी कथाच लिहावी. दामोदर म्हणजे ज्याच्या उदराला दाम, म्हणजे दावे, बांधले गेले तो. यशोदेने खोडकर कृष्णाला उखळाला बांधले आणि त्याने ते उखळ ओढत नेऊन दोन अर्जुनवृक्ष उन्मळून पाडले, ही गोष्ट कळली की नाव कायमचे लक्षात राहते. मधुसूदन म्हणजे मधु नावाच्या दैत्याचा नाश करणारा. संकर्षण म्हणजे देवकीच्या उदरातून ओढून रोहिणीच्या उदरात नेलेला गर्भ. कर्षण या शब्दातले ओढणे आपल्या आकर्षण या शब्दातही आहे.

त्रिविक्रम आणि वामन ही एकाच कथेची दोन टोके आहेत. बटूच्या रूपात बळीकडे तीन पावले भूमी मागणारा तो वामन, आणि तीन पावलांत विश्व व्यापणारा तो त्रिविक्रम. कथेत वामन आधी आणि त्रिविक्रम नंतर, पण संध्येच्या यादीत त्रिविक्रम आधी आहे. तीन पावलांची कल्पना बळीच्या कथेपेक्षा पुष्कळ जुनी आहे. ऋग्वेदात ‘इदं विष्णुर्वि चक्रमे त्रेधा नि दधे पदम्’ असे शब्द आहेत आणि तिथे बळीचा पत्ता नाही. (आचमनात वामनाला नमस्कार करणारा आपला समाज दिवाळीतल्या पाडव्याला ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ असेही म्हणतो. यात विसंगती आहे असे मानून अस्वस्थ होण्याचे कारण नाही. लोकभक्ती दोघांनाही सांभाळून घेत आली आहे.)

कथा लिहून झाली की धातूकडे वळावे. विष्णु या नावामागे कथा नाही, तिथे धातूच कामी येतो: ‘विष्’ म्हणजे व्यापणे, म्हणून सर्वत्र भरून राहिलेला तो विष्णु, काही जण ‘विश्’, म्हणजे प्रवेश करणे, या धातूवरूनही अर्थ लावतात. हरि हे ‘हृ’ धातूवरून आले आहे, हरण करणारा. काय हरण करतो हे शब्दात सांगितलेले नाही, म्हणून पाप, दुःख, अज्ञान, भक्ताचे मन अशी उत्तरे ज्याने त्याने दिली आहेत. अच्युत म्हणजे आपल्या स्थानावरून न ढळणारा. अनिरुद्ध म्हणजे ज्याला कोणी अडवू शकत नाही असा. पद्मनाभ म्हणजे ज्याच्या नाभीतून कमळ उगवले तो. श्रीधर म्हणजे लक्ष्मीला वक्षःस्थळी धारण करणारा. ही नावे सोपी आहेत. त्यांवर एकेक ओळ पुरते.

नारायण या नावाला मात्र वेळ द्यावा. मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात पाण्याला ‘नारा’ म्हटले आहे आणि ते पाणी ज्याचे पहिले अयन, म्हणजे निवासस्थान, तो नारायण असे सांगितले आहे; शेषशायी विष्णूचे चित्र डोळ्यांपुढे आणले की हा अर्थ पटतो. दुसरा अर्थ नर या शब्दावरून येतो: सर्व नरांचे अयन, म्हणजे आश्रयाचे ठिकाण. पहिल्या अर्थात देव पाण्यात राहतो, दुसऱ्यात माणसे देवात राहतात. दोन्ही अर्थ जुने आहेत आणि दोन्ही वहीत उतरवावेत.

माधव आणि मधुसूदन या दोन नावांत ‘मधु’ समान दिसतो, तिथे पाय घसरतो. मधुसूदनातला मधु हा दैत्य आहे. माधव या नावाचा एक अर्थ मधु नावाच्या यादव पूर्वजाच्या कुळातला असा आहे, आणि दुसरा मा म्हणजे लक्ष्मी, धव म्हणजे पती, असा आहे. दैत्य मधूचा माधवाशी संबंध जोडू नये.

जनार्दन हे नाव आपल्याला एकनाथांच्या ‘एका जनार्दनी’ या नाममुद्रेमुळे जवळचे आहे. तिथले जनार्दन म्हणजे देवगिरीचे जनार्दनस्वामी, नाथांचे गुरू, आणि त्याच वेळी ते देवाचेही नाव आहे. ‘अर्द्’ या धातूला पीडा देणे असाही अर्थ आहे आणि याचना करणे असाही. त्यामुळे दुर्जनांना शासन करणारा तो जनार्दन, आणि लोक ज्याच्याकडे मागणे मागतात तोही जनार्दन.

चौथी पायरी: व्युत्पत्ती आणि निर्वचन यांची गल्लत करू नका

येथवर आलेल्या वाचकाला आता एक अडथळा लागेल. दामोदर म्हणजे दाव्याने बांधलेला, हे लिहून झाले असेल. पण महाभारताच्या उद्योगपर्वात धृतराष्ट्र संजयाला कृष्णाच्या नावांचे अर्थ विचारतो, तेव्हा संजय दाव्याचे नावही काढत नाही. स्वयंप्रकाशामुळे आणि दमामुळे, म्हणजे इंद्रियनिग्रहामुळे, तो दामोदर, असे तो सांगतो. माधव हे नाव तो मौन, ध्यान आणि योग यांच्याशी जोडतो. मग खरे काय मानायचे?

व्याकरणाने शब्द कसा बनला हे सांगणे ही व्युत्पत्ती. त्या शब्दात भक्ताला किंवा ज्ञात्याला काय दिसते हे शब्दाच्या अक्षरांचा आधार घेऊन उलगडणे हे निर्वचन. निर्वचनाची परंपरा वेदांगांपैकी निरुक्ताइतकी जुनी आहे. निरुक्तकार यास्काचार्यांनी तर शब्दात धातूचे साम्य स्पष्ट दिसत नसेल तर एखाद्या अक्षराच्या साम्यावरून का होईना अर्थ सांगावा, पण अर्थ सांगितल्यावाचून राहू नये, असे म्हटले आहे. त्यामुळे संजयाचे अर्थ चूक ठरत नाहीत आणि व्याकरणाचे अर्थ कोरडे ठरत नाहीत. त्यांचे काम वेगळे आहे. वहीच्या पानाचे दोन भाग करून एका बाजूला व्युत्पत्ती आणि दुसऱ्या बाजूला निर्वचने लिहावीत, आणि प्रत्येक निर्वचनापुढे ते कोणी केले हे नोंदवावे. ही नोंद मला फार महत्त्वाची वाटते. सध्या व्हॉट्सॲपवर फिरणारे ‘प्रत्येक अक्षराचा गूढ अर्थ’ सांगणारे संदेश आणि शंकराचार्यांच्या भाष्यातला अर्थ यांतला फरक अशा नोंदीतूनच कळतो: भाष्यातल्या अर्थाला सांगणारा आहे, संदेशाला नाही.

केशव या नावावर हे करून पाहू. पाणिनीच्या व्याकरणात केश या शब्दाला ‘व’ प्रत्यय लागून केशव होतो, अर्थ सुंदर केस असलेला. ही व्युत्पत्ती झाली. विष्णुपुराणात केशी या घोड्याच्या रूपातल्या दैत्याला मारल्यामुळे कृष्णाला केशव हे नाव पडले अशी कथा आहे. शंकराचार्य सहस्रनामाच्या भाष्यात हे दोन्ही अर्थ देतात आणि तिसराही देतात: क म्हणजे ब्रह्मा, अ म्हणजे विष्णु, ईश म्हणजे शिव, हे तिघे ज्याच्या अधीन आहेत तो केशव. तिसऱ्या अर्थात केसांचा आणि घोड्याचा मागमूस नाही, पण अद्वैती आचार्याला जे सांगायचे आहे ते त्यात नेमके आले आहे.

अधोक्षज हे नाव मी सुरुवातीला अडचणीचे म्हणून उल्लेखिले होते. अक्षज म्हणजे इंद्रियांपासून उत्पन्न होणारे ज्ञान. ते ज्याच्यापुढे अधः, म्हणजे खालीच राहते, तो अधोक्षज, इंद्रियांना न गवसणारा. संजय वेगळे सांगतो: जो कधी खाली क्षय पावत नाही तो. हृषीकेशाच्या बाबतीतही इंद्रियांचा स्वामी या अर्थाशेजारी, जगाला हर्ष देणारे सूर्यचंद्रांचे किरण हेच ज्याचे केश आहेत तो, असे दुसरे निर्वचन सापडते. आणि कृष्ण? वर्णाने काळा, हा सरळ अर्थ; ‘कृषि’ म्हणजे सत्ता आणि ‘ण’ म्हणजे आनंद, या दोन्हींचे ऐक्य तो कृष्ण, हे महाभारतातले निर्वचन.

पाचवी पायरी: नाव कोणत्या जागी आले आहे ते पाहा

सुट्या नावाचे पाच अर्थ होत असतील, पण ओळीत बसलेल्या नावाचे तेवढे होत नाहीत. विष्णुसहस्रनामात केशव हे नाव दोनदा येते. पहिल्यांदा ते ‘नारसिंहवपुः श्रीमान् केशवः पुरुषोत्तमः’ या ओळीत तेविसावे नाव म्हणून येते. दुसऱ्यांदा ते ‘त्रिलोकात्मा त्रिलोकेशः केशवः केशिहा हरिः’ या ओळीत येते. या दुसऱ्या ओळीकडे नीट पाहावे. केशव या नावाला लागूनच केशिहा, म्हणजे केशीला मारणारा, हे स्वतंत्र नाव उभे आहे. मग येथे केशव या नावाचाही तोच अर्थ घेतला तर एकाच गोष्टीची लगोलग पुनरुक्ती होईल. म्हणून भाष्यकार येथे केश म्हणजे सूर्यादिकांचे किरण असा अर्थ घेतात. पुन्हा आलेल्या नावाला नवा अर्थ शोधण्यामागे अशी शिस्त आहे. माध्व, म्हणजे मध्वाचार्यांच्या, परंपरेत तर सहस्रनामातल्या प्रत्येक नावाचे शंभर अर्थ होतात असे मानतात. नवख्याने त्या वाटेला तूर्त जाऊ नये.

सहस्रनामाच्या प्रास्ताविकात भीष्म युधिष्ठिराला सांगतात की महात्म्याची जी ‘गौण’ आणि विख्यात नावे ऋषींनी गायिली आहेत ती मी सांगतो. आजच्या मराठीत गौण म्हणजे दुय्यम. भीष्मांच्या तोंडी तो शब्द गुणांवरून पडलेले या अर्थी आहे. म्हणजे ही नावे ओळख पटवण्यापुरती ठेवलेली नाहीत, प्रत्येक नाव एखादा गुण किंवा कर्म सांगते. म्हणूनच त्यांचे अर्थ विचारता येतात.

याच पायरीवर गीतेचा पहिला अध्याय पेन्सिल घेऊन वाचावा आणि कृष्णासाठी आलेले प्रत्येक नाव अधोरेखित करावे. पांचजन्य शंख फुंकतो तो हृषीकेश. ‘दोन्ही सैन्यांच्या मध्ये माझा रथ उभा कर’ असे अर्जुन अच्युताला सांगतो. स्वतः ढळण्याच्या बेतात असलेला योद्धा न ढळणाऱ्याला हाक मारतो. ‘आम्हांला राज्य काय करायचे’ हे तो गोविंदाला विचारतो. स्वजनांना मारण्याचा प्रश्न तो मधुसूदनाला, म्हणजे शत्रूला मारणाऱ्याला, विचारतो, आणि कौरवांना मारून कोणते सुख मिळणार हे जनार्दनाला. मात्र येथे सावध राहावे: पुष्कळ ठिकाणी नावाची निवड अनुष्टुभ छंदाच्या सोयीने झालेली असते, आणि प्रत्येक हाकेत गर्भितार्थ शोधू गेल्यास आपण ग्रंथापेक्षा आपलेच म्हणणे वाचू लागतो. दोन-तीन जागी अर्थ आपणहून लागला तर घ्यावा, ओढून आणू नये.

गोविंद हे नाव हरिवंशात इंद्राच्या तोंडून आले आहे. गोवर्धन उचलून कृष्णाने गाईंचे रक्षण केल्यावर इंद्र येऊन म्हणतो की मी देवांचा इंद्र आहे, तू गाईंचा इंद्र झालास, लोक तुला गोविंद म्हणून स्तवतील. गो म्हणजे गाय, पृथ्वी, वाणीसुद्धा. आणि ‘विद्’ या रूपाचे मिळवणे व जाणणे असे दोन अर्थ. वाणीने ज्याला जाणता येते तो गोविंद, हा वेदान्ताचा अर्थ. गाईंना सांभाळणारा तो गोविंद, हा गोकुळाचा. दहीहंडीच्या दिवशी रस्त्यावरून जाणारी पोरे ‘गोविंदा आला रे’ म्हणतात तेव्हा त्यांना कोणता अभिप्रेत असतो हे सांगायला भाष्यकार लागत नाही.

सहावी पायरी: मूर्तीवर पडताळून पाहा

ही पायरी ऐच्छिक आहे, पण हौस असेल तर सोडू नये. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा आणि पद्म अशी चार आयुधे असतात, आणि चार वस्तू चार हातांत चोवीस वेगवेगळ्या क्रमांनी ठेवता येतात. मूर्तिशास्त्राने या चोवीस क्रमांना हीच चोवीस नावे दिली. अग्निपुराणात केशवाचा क्रम पद्म, शंख, चक्र, गदा असा आणि नारायणाचा शंख, पद्म, गदा, चक्र असा सांगितला आहे, आणि मोजणी खालच्या उजव्या हातापासून प्रदक्षिण क्रमाने, म्हणजे खालचा उजवा, वरचा उजवा, वरचा डावा, खालचा डावा अशी करायची. येथे उजवा म्हणजे मूर्तीचा उजवा. समोर उभे राहून पाहताना तो आपल्या डाव्या बाजूला येतो, आणि नवख्यांची पहिली चूक हमखास येथे होते. गुजरातेत पाटणच्या अकराव्या शतकातील राणी की वाव या पायविहिरीत अशा चोवीस रूपांच्या मूर्ती कोरलेल्या आहेत. निरनिराळ्या ग्रंथांत काही नावांचे क्रम जुळत नाहीत, त्यामुळे एखाद्या देवळात फलकावर माधव लिहिले असेल आणि आपल्या तक्त्याप्रमाणे वेगळे नाव निघाले तर पुजाऱ्याशी वाद घालू नये.

सातवी पायरी: यादीत नसलेल्या नावांचा विचार

चोवीस नावे झाल्यावर कोणाच्याही मनात येणारा प्रश्न असा की यात राम कुठे आहे. रामाचे नाव या यादीत नाही, मत्स्य, कूर्म, वराहही नाहीत. ही दशावताराची यादीच नव्हे. राम सहस्रनामात ‘रामो विरामो विरजः’ या ओळीत भेटतो, आणि ज्याच्या ठिकाणी योगी रमतात तो राम असा त्याचा अर्थ भाष्यात दिला आहे.

विठ्ठल तर सहस्रनामातही नाही. त्याच्या नावाबद्दल विटेवर उभा म्हणून विठ्ठल, ही लोकांत रुळलेली समजूत आहे. तुकोबांनी ‘वीचा केला ठोबा, म्हणोनि नाव विठोबा’ असे म्हटले आहे. वी म्हणजे पक्षी, येथे गरुड, त्याला ज्याने वाहन केले तो विठोबा. भाषेचे अभ्यासक विष्णु या शब्दाचे कन्नडमध्ये बिट्टि असे रूप झाल्याकडे लक्ष वेधतात. बेलूरचे चेन्नकेशव मंदिर 1117 मध्ये उभारणारा होयसळ राजा विष्णुवर्धन आधी बिट्टिदेव या नावाने ओळखला जात असे, हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. चौथ्या पायरीवर केलेले वहीचे दोन भाग येथे पुन्हा उपयोगी पडतात: तुकोबांचा अर्थ एका बाजूला, भाषाशास्त्राचा दुसऱ्या बाजूला.

नावावरून देव ओळखण्याची घाई मात्र करू नये. गोव्यात जांबावलीला दामोदराचे प्रसिद्ध देवस्थान आहे, गुलालोत्सवासाठी लांबून लोक येतात. यादीतला दामोदर कृष्ण असला तरी जांबावलीचा दामोदर शिवरूपात पुजला जातो. ग्रंथातला अर्थ आणि गावातला देव यांच्यात असा फरक दिसला तर गावात जे मानतात ते त्या गावापुरते प्रमाण धरावे.

पुढे काय वाचावे

चोवीस पाने भरली की विष्णुसहस्रनामाकडे वळावे, पण एका वेळी एकच श्लोक घ्यावा. पहिल्याच ओळीत ‘विश्वं विष्णुर्वषट्कारो भूतभव्यभवत्प्रभुः’ अशी चार नावे आहेत. त्यांपैकी विष्णु हे ओळखीचे आहे. विश्व हे नाव आहे हे मानायलाच थोडा वेळ लागतो, कारण देवाने निर्माण केलेले जगच येथे देवाचे पहिले नाव झाले आहे. वषट्कार समजायला यज्ञात आहुती देताना उच्चारल्या जाणाऱ्या ‘वषट्’ या शब्दाची माहिती लागते. आणि चौथे लांबलचक नाव भूत, भव्य, भवत् आणि प्रभु असे तोडले की सोपे होते, होऊन गेलेले, होणारे आणि आत्ता असलेले या सर्वांचा स्वामी. लांब नाव तोडता आले नाही तर शांकरभाष्याच्या प्रतीत पाहावे. पराशर भट्टरांचे श्रीवैष्णव भाष्य हाती आले तर काही ठिकाणी अर्थ बराच निराळा आढळेल. तो वहीतल्या निर्वचनांच्या भागात, भट्टरांच्या नावासह लिहावा आणि पुढच्या नावाकडे जावे.